अंड्याचं चित्रच नाही

नाही, तुम्हीच मला सांगा, अंडं उकडायला काय लागतं हो? एक टोप, पेलाभर पाणी आणि खाली जाळ. संपलं! त्याला काय शाळा लागते? लायसन लागतं? पण हे आमच्या शेजारच्या महिपतकाकांना विचारा. त्या माणसाने एस.टी. चालवली हो, एस.टी.! रत्नागिरी-मुंबई रातराणी. मागे पन्नास माणसं घोरतायत, बाहेर धुकं असं की स्वतःच्या गाडीचा वायपर दिसत नाही, आणि हे गालात लवंग धरून कशेडी घाट उतरतायत. उभ्या नोकरीत गाडीखाली एक कोंबडी आली नाही. आणि अशा माणसाला त्याचा सख्खा मुलगा सांगतो, "बाबा, गॅसच्या बटणाला हात लावायचा नाही."

आता मुलाचंही काय चुकलं म्हणा… थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही नम्रता सुरू झाली की गाडीला ब्रेकच नाही.

तर महिपतकाकांची बायको, आमच्या गंगाकाकी. ती बाई म्हणजे काय सांगू तुम्हाला, तोंड असं की माशाचा भाव करायला लागली तर समोरची कोळीण पापलेट टाकून घरी जाईल. रत्नागिरीच्या नाचणे भागातल्या आमच्या गल्लीत सकाळी कोंबडा आरवायचा नाही, गंगाकाकी आरवायच्या. तर ह्या काकी भर पावसात मागल्या दाराला कढीलिंब तोडायला गेल्या, चिऱ्याच्या पायरीवर हे एवढं शेवाळ, पाय सटकला, आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आत रॉड घातला. घरी आल्या त्या खाटेवर, आणि आल्या त्या गप्प. जेवण नको, पेज नको, मासा समोर धरला तरी तोंड फिरवायच्या. मी केलेला मासा हो! डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद नाही, हाड धरायचं कसं? रोज अंडी द्या, उकडलेली.

झालं. महिपतकाका म्हणाले, "मी देतो." मुलगा संदेश भाईंदरला असतो, रजा काढून आलेला. तो औषधं आणायला बाहेर गेला आणि परत येतो तो काय, सगळ्या घरात गॅसचा वास! शेगडीवर टोप, टोपात अंडी, बटण चालू सोडलेलं आणि जाळच नाही. काकी आतल्या खोलीत खाटेवर खोकतायत आणि काका पडवीत शांतपणे पेपर वाचतायत. संदेशने दारं-खिडक्या उघडल्या आणि मग जो काय ओरडला! "बाबा, पेटवायचं विसरलात? आई आत झोपलेय!" काकांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "मी पेटवला होता." एवढंच.

तुम्हाला सांगते, त्या दिवशी मी कंपाउंडापलीकडे कपडे वाळत घालत होते, मला सगळं ऐकू येत होतं, आणि माझ्या हातातलं काकींचंच पातळ तसंच पिळलेलं राहिलं.

दुसऱ्या दिवशी संदेशने सिलिंडर काढला आणि आणून माझ्या घरात ठेवला. "ताई, तुमच्याकडे राहू दे. दुपारचा डबा तुम्ही देताच आहात." आणि काकांपुढे एक खोकं ठेवलं. आत काय? तर एअर फ्रायर! काळंकुळकुळीत, गुळगुळीत, मोठ्या हेल्मेटासारखं दिसणारं. म्हणे, "ह्याला गॅस नको, तेल नको, पाणी नको. विसरलात तरी आपोआप बंद होतं. गरम हवेवर शिजतं."

काका म्हणाले, "हवा टायरात भरतात."

"बाबा, मस्करी नको. पुढल्या महिन्यात मी येणार. तुमचं तुम्हाला जमतंय असं दिसलं तर राहा इथे. नाहीतर दोघांनाही भाईंदरला घेऊन जाणार, मग काही ऐकणार नाही."

घ्या! म्हणजे आता हे नुसतं अंडं राहिलं का? ह्या अंड्यावर घर आलं की हो! काकांनी स्वतः चिरा उतरवून घेऊन बांधलेलं घर, मागे पाच नारळ, एक कोकमाचा रतांबा, विहिरीचं गोडं पाणी… सगळं त्या एका अंड्याच्या टरफलावर उभं. मी म्हटलं, "काका, मी देते ना उकडून, कंपाउंडावरून हात लांब केला की झालं." तर म्हणाले, "डबा तू देतेस, त्याचे उपकार आहेतच. पण अंडं मी करणार." डोळे असे की मी कंपाउंडावरचा हात मागे घेतला.

संदेश गेला आणि काकांनी पहिलं काय केलं माहितेय? त्या मशीनसमोर नारळ ठेवला. गाऱ्हाणं घातलं! अगदी हात जोडून, "बा देवा म्हाराजा, हे जे काय यंत्र पोरानं आणून ठेवलंन हाय, ते तुझ्या पायाशी ठेवलंय. त्याला नीट चालव, घरच्या लक्ष्मीला उभी कर, आणि आम्हाला ह्या जागेवरनं हलवू नको रे म्हाराजा!" आणि आतल्या खोलीतून, खाटेवरून, बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा." काका चमकून तिकडे बघायला लागले. कितीतरी दिवसांनी बोलली होती हो ती बाई!

मग मशीन चालू केलं. आणि खरी गंमत पुढेच आहे. त्याच्यावर बटणं नाहीत, नुसती काच. काचेवर चित्रं. मासा आहे, केक आहे, बटाट्याच्या काड्या आहेत, कोंबडीची तंगडी आहे. अंडं नाही! काकांनी चष्मा लावला, चष्मा काढला, मशीन उलटं करून खालीसुद्धा बघितलं. अंड्याचं चित्रच नाही! आता काय करणार? काकांनी विचार केला, आणि विचार तसा बरोबरच होता, नाही असं नाही… अंडं कुणाचं? कोंबडीचं. मग दाबा कोंबडी!

आता त्या मशीनला काय ठाऊक आत अंडी आहेत की आख्खा कोंबडा? त्याने आपली कोंबडी भाजायला घेतली. घूंऽऽऽ करत सुटलं. मी इथे भाकऱ्या थापत होते, आणि थोड्या वेळाने जो आवाज झाला, ठो! भाकरी परातीतच राहिली. परत ठो! मी तशीच पिठाच्या हातांनी धावले. बघते तर काका स्वयंपाकघराच्या दारात, ब्रेक दाबल्यासारखा उजवा पाय जमिनीत रुतवून उभे. आणि आतून गंगाकाकी ओरडतायत, "अवो, काय झालं? टायर फुटला काय?"

काका म्हणाले, "दोन्ही फुटले. मागचे."

काय सांगू तुम्हाला, मला हसावं की रडावं कळेना. मशीन उघडलं तर आत सगळीकडे पिवळं, जाळीला चिकटलेलं, वर कॉइलला चिकटलेलं, आणि वास! तो वास म्हणजे… जाऊ दे, तुम्ही जेवून आला असाल. काका खाली बसून जुना टूथब्रश घेऊन एकेक भोक घासत राहिले. अंडं उकडायला काय लागतं हो? टोप, पाणी, जाळ! आणि इथे हा सत्तरीचा माणूस टूथब्रश घेऊन बसलाय. मी म्हटलं, "द्या इकडे, मी घासते." म्हणाले, "गाडी ज्याची त्यानेच धुवायची."

मग संदेशच्या पोरीचा, सानवीचा, व्हिडिओ कॉल. ती नात भलती हुशार, आणि आजोबांवर जीव. "आजोबा, चित्र दाबायचंच नाही! नुसतं टेंपरेचर कमी करायचं, वन थर्टी, आणि मिनिटं पंधरा. मग गार पाण्यात टाकायची. सोप्पं!" सोप्पं काय सोप्पं! काका दाबतायत, दाबतायत, आकडा हलत नाही. जन्मभर स्टिअरिंग धरून अंगठ्याला घट्टे पडलेले, ती काच काही त्यांच्या बोटाला दाद देईना. सानवी तिकडून ओरडतेय, "आजोबा, हळू! टच करा, टच! ते काय हॉर्न आहे का?" काका इकडे अंगठा चाटून दाबतायत, पंच्याने पुसून दाबतायत, करंगळीने दाबतायत. शेवटी घामाघूम होऊन म्हणाले, "मला ओळखत नाही हे यंत्र."

हे ते अशा आवाजात म्हणाले ना… फोनवरून ती पोरगीसुद्धा म्हणाली, "आजोबा, असू दे."

तेव्हा आतून काकींचा आवाज. "हिकडे आणा ते."

"काय?"

"ते तुमचं हेल्मेट. आणा हिकडे माझ्यापाशी."

काकांनी मशीन उचललं, खाटेशेजारी स्टुलावर ठेवलं, वायर कशीबशी पुरली. काकी कुशीवर झाल्या, चेहरा दुखण्याने वाकडा, पण हात पुढे केला, आणि एका बोटाने, तुम्हाला सांगते, कुंकू लावावं तसं अलगद, टिक. आकडा हलला! टिक, टिक, टिक. काका म्हणाले, "गंगे! तुझं ऐकतंय!" काकी म्हणाल्या, "माझं कोण नाय ऐकत?"

त्या दिवशी अंडी झाली. पांढरीशुभ्र, आतला बलक कसा नुकता घट्ट होत आलेला. काकांनी सोलली, मीठ लावलं, मिरपूड लावली, आणि काकींनी एक आख्खं अंडं खाल्लं. मग दुसऱ्यातलं अर्धं. उरलेलं अर्धं काकांच्या तोंडात कोंबलं. मी खिडकीतून बघत होते. बघायला नको होतं खरं तर… पण बघितलं.

मग रोजचंच झालं ते. काका अंडी ठेवायचे, काकी बोट लावायच्या. काकी बसायला लागल्या, मग वॉकर धरून उभ्या राहायला लागल्या, मग मला खिडकीतून ऐकवायला लागल्या, "नम्रता, काल तुझ्या आमटीत मीठ कोण घालायला इसरलं?" म्हटलं चला, बाई बरी झाली!

पण काय आहे ना… ती बाई बरी होत होती आणि इकडे दुसरंच काहीतरी बिघडत होतं.

एकदा मी डबा घेऊन गेले. मशीन टीं टीं टीं करून थांबलं, काकांनी जाळीचा डबा ओढला आणि तसेच उभे राहिले. मी पुढे जाऊन बघते, तर डबा रिकामा. आत अंडीच ठेवली नव्हती. काका माझ्याकडे वळले, "अंडी कोणी काढली?" मी म्हटलं, "काका, ठेवली नसतील." "मी ठेवली होती. दोन. माझ्या हाताने." आणि मग चिडले हो, माझ्यावर चिडले, मांजरावर चिडले, कपाटाखाली वाकून बघितलं. अंडी होती टोपलीत, समोर. काकी खाटेवर बसून सगळं बघत होत्या. ही बाई, जिला मिठाचा खडा कमी पडलेला खपत नाही, तिने चूक दाखवली नाही. नुसतं म्हणाल्या, "मांजरानंच नेली असतील. दुसरी ठेवा." आणि बोट पुढे केलं.

कळतंय ना तुम्हाला? अंडं उकडायला टोप लागतो, पाणी लागतं, जाळ लागतो… आणि अंडं ठेवल्याची आठवण लागते. ते मी कधी धरलंच नव्हतं हो हिशेबात.

मग संदेश यायची तारीख जवळ आली. आदल्या दिवशी सकाळी काका म्हणाले, "उद्या परीक्षा. चांगली अंडी आणतो, गावठी." छान इस्त्रीचा शर्ट घातला, पिशवी घेतली, निघाले. नाक्यावरचं दुकान ते किती लांब? एक विडी पेटवली तर संपायच्या आत परत येतो माणूस. काका आले नाहीत. चहाची वेळ गेली, जेवणाची वेळ झाली, काका नाहीत. मोबाईल घरात वाजतोय. काकी वॉकर धरून दारापर्यंत आल्या, पहिल्यांदाच, एकट्या. "नम्रता, जा गो बघून ये." मी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, अंडी घेऊन केव्हाच गेले. देवळात बघितलं, विहिरीवर बघितलं… विहिरीत पण बघितलं, खोटं कशाला बोलू.

दुपार कलली आणि फाटकाशी मोटरसायकल थांबली. पुढे दर्शन, आपल्या डेपोतला कंडक्टर, कोवळा मुलगा, आणि मागे काका, मांडीवर पिशवी दोन्ही हातांनी धरून, पोर धरावं तशी. दर्शनने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "ताई, हे रहाटाघरच्या एस.टी. स्टँडवर होते. कंट्रोलरला जाऊन विचारत होते, माझी गाडी कुठली लावलीय. ड्युटी आहे म्हणाले मुंबईची. आधी आम्हाला वाटलं मस्करी करतायत. मग कंट्रोलर साहेब उठले, त्यांना खुर्ची दिली, म्हणाले, 'शिवलकर, आज तुमची गाडी कॅन्सल आहे, घरी जा.' तेव्हा कुठे उठले. साहेब आत जाऊन रडले हो ताई. त्यांच्या हाताखाली शिकलेले ना."

पिशवीतली अंडी बघितली. एक फुटलं नव्हतं! मडक्यात ठेवल्यासारखी सुखरूप. काका काकींना म्हणाले, "उशीर झाला जरा. गाडी कॅन्सल होती." काकी म्हणाल्या, "बरं झालं. दमला असाल. बसा." आणि त्यांच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला. मग मला आणि दर्शनला हात जोडले. "संदेशला ह्यातलं काय बोलू नका."

दुसऱ्या दिवशी संदेश आला. आणि तुम्हाला सांगते, काय परीक्षा झाली! काकांनी हात धुतले, अंडी धुतली, मोजून जाळीत ठेवली, मोठ्याने म्हणाले, "अंडी ठेवली!" काकींनी टिक टिक केलं. मशीन घुमलं, टीं टीं झालं, गार पाणी तयार, टरफल असं निघालं की जणू शर्ट उतरवला. बशीत अंडी, वर मिरपूड, बाजूला चिरलेला कांदा. संदेशने खाल्लं आणि त्याचा चेहरा बदललाच. म्हणाला, "बाबा, मानलं तुम्हाला. मी उगाच घाबरलो. राहा तुम्ही इथे. सिलिंडर नको, पण राहा."

काका काय खूश! थेट कंपाउंडापाशी आले, "नम्रता, पास झालो!" ओरडले. मी हसले. म्हणजे तोंड हसण्यासारखं केलं.

आणि तेवढ्यात आतून काकींचा आवाज, "संदेश, मला ने भाईंदरला."

काका मागे वळले. "गंगे, काय बोलतेस? मी पास झालो ना."

"तुम्ही झालात. माझा पाय नाय झाला. मला हिथे नाय जमत. मला मोठा डॉक्टर पायजे."

"इथे डॉक्टर नाहीत?"

"नायत मला पायजेत तसे. मला जायचंय. तुम्हाला राहायचं तर राहा एकटे."

राहा एकटे! ज्या बाईने त्या घराचा एकेक चिरा डोक्यावरून वाहिला, ती म्हणतेय मला जायचंय. काकांचा चेहरा… कसा सांगू? घाटात समोरून अचानक दिवे आले की होत असेल तसा. मग म्हणाले, "ठीक आहे. तुझ्यासाठी येतो." आणि निघेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. गल्लीत ज्याला त्याला सांगत फिरले, "बायकोला मुंबईचं वेड लागलंय. मी पास झालो होतो, विचारा संदेशला."

मी काकींचं सामान बांधायला गेले. म्हटलं, "काकी, पायासाठी नाही ना तुम्ही…" तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझा पाय चालायला लागला गो. आता ते चालत कुठवर जातील, ते मी ह्या पायानं कुठे शोधू? तिकडे लिफ्टला दार आहे, खाली वॉचमन आहे, संदेश आहे." आणि मग, "माझ्यावर रागावले तर रागावू दे. तेवढं तरी लक्षात राहील त्यांच्या." संदेशला गाडीत सगळं सांगणार म्हणाल्या, काका झोपले की. आणि त्या मशीनला स्वतः नववारीत गुंडाळून, मांडीवर घेऊन गेल्या. संदेश म्हणत होता डिकीत ठेवू. नाही म्हणाल्या.

आता मला सांगा, अंडं उकडायला एवढं सगळं लागतं का हो? लागतं बहुतेक. आम्ही आपले टोपात पाणी घालून मोकळे होतो.

परवा मी फोन केला. काकांनी उचलला. मला ओळखलं की नाही, देव जाणे, मधेच मला अक्षया म्हणाले, अक्षया म्हणजे त्यांची बहीण, ती जाऊन जमाना झाला. पण मशीनचं विचारलं मात्र, आणि काय सांगू, तोंडपाठ! "जाळी लावायची, अंडी ठेवली म्हणून मोठ्यानं बोलायचं, मग गंगेचं बोट, मग गार पाणी." एक पायरी चुकली नाही! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "काका, मग रोज करता ना दोघं?"

मग संदेशने फोन घेतला. बारीक आवाजात म्हणाला, "ताई, एक घोळ झालाय. भाड्याची जागा आहे ना आमची, सगळी सोसायटी शाकाहारी. कचऱ्यात टरफल जरी दिसलं ना, तरी मालक खोली खाली करायला लावेल. आम्ही पोरीला घेऊन बाहेर ऑम्लेटच्या गाडीवर जाऊन खातो. आईबाबांना सांगायचं राहूनच गेलं."

राहूनच गेलं! आईने घर सोडलं, बापाने रत्नागिरी सोडली, मशीन मांडीवरून भाईंदरपर्यंत गेलं, आणि ह्याचं सांगायचं राहून गेलं! माझ्या ओठांवर इतकं आलं होतं, इतकं आलं होतं… पण मागून काकांचा आवाज आला, "कोण आहे रे? नम्रता का? तिला विचार, जेवली का." म्हटलं, "असू दे रे संदेश. आता त्याच्यात रताळी ठेवत जा."